कीटक आणि रानफुलांची मॅक्रो छायाचित्रे वारंवार धूसर येतात: दोष ओळखण्याची आणि दूर करण्याची पद्धत

कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर छायाचित्र रेखीव दिसते. संगणकावर ते पूर्ण आकारात उघडले की मात्र मधमाशीच्या डोळ्यांवरची बारीक लव नाहीशी झालेली असते, रानफुलाच्या परागकोशांवरचे कण एकमेकांत मिसळून गेलेले असतात आणि पाकळीच्या शिरा असायला हव्यात तिथे नुसता रंग उरलेला असतो. मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून मोठ्या आकारात केलेल्या छायाचित्रणातली ही तक्रार एकदा दूर झाली असे वाटते आणि पुन्हा परत येते. अनेकांच्या बाबतीत ती नवी लेन्स घेऊनही संपत नाही. माझ्या मते याचे मुख्य कारण हे की आपण धूसरपणा हा एकच दोष मानतो. प्रत्यक्षात फोकसची जागा चुकणे, कॅमेरा हलणे, कीटक किंवा फूल हलणे, विवर्तन (लहान छिद्रातून जाताना प्रकाशाचे पसरणे) आणि वाईट प्रकाश हे पाच निरनिराळे दोष आहेत, आणि त्यांतल्या एकावरचा उपाय बहुतेक वेळा दुसऱ्याला वाढवतो. फोकस अपुरा वाटला म्हणून अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधले प्रकाशाचे छिद्र, बंद (लहान) केले की प्रकाश घटतो, प्रकाश घटला म्हणून शटर मंद ठेवावे लागते, आणि मंद शटरमध्ये वाऱ्यावर डोलणारे फूल पुसट होते. म्हणून कोणतीही सेटिंग बदलण्यापूर्वी आपल्या छायाचित्रात यांपैकी कोणता दोष आहे हे ठरवणे आवश्यक आहे.

फसलेले छायाचित्र आधी नीट पाहावे

बिघडलेली छायाचित्रे लगेच पुसून टाकू नयेत, कारण निदानासाठी तीच उपयोगी पडतात. छायाचित्र १०० टक्के आकारात उघडून पहिला प्रश्न असा विचारावा की चौकटीत कुठेतरी, काहीतरी तरी रेखीव आहे का. कीटकाचा डोळा पुसट असून त्याच्या मागच्या पायावरचे काटे किंवा शेजारचे गवताचे पाते स्वच्छ दिसत असेल, तर लेन्समध्ये काही दोष नाही आणि शटरही पुरेसे वेगवान होते. केवळ फोकस हव्या त्या जागी पडला नाही.

चौकटीत काहीच रेखीव नसेल, किंवा पुसट भाग ओढला गेल्यासारखा दिसत असेल, तर दवाचे थेंब, डोळ्यावरची चमक किंवा परागकण असे छोटे तेजस्वी ठिपके शोधावेत. हे ठिपके ताणले जाऊन सगळीकडे एकाच दिशेच्या लहान रेघा झाल्या असतील तर कॅमेरा हलला आहे. देठाचा खालचा भाग स्वच्छ असून फक्त फूल किंवा कीटक रेघांत ओढला गेला असेल तर विषय हलला आहे. ठिपके गोलच राहिले आहेत, कुठलीही दिशा दिसत नाही, पण सगळ्या चित्रावर तलम कापड पसरल्यासारखे वाटते, तेव्हा विवर्तनाचा किंवा लेन्सच्या काचेवर साचलेल्या बाष्पाचा संशय घ्यावा. कडा नीट दिसतात, पण भुंग्याच्या पाठीवर पांढरे डाग पडून तिथला पोत हरवला आहे, अशा वेळी दोष प्रकाशाचा असतो. एकाच दिवसाच्या २०-३० छायाचित्रांची अशी छाननी केली की आपला नेहमीचा दोष कोणता हे कळते. तो प्रत्येकाचा वेगळा निघतो.

अ‍ॅपर्चर जास्त बंद केल्याने होणारे नुकसान

या दोषाबद्दल सविस्तर लिहिणे मला गरजेचे वाटते, कारण सर्वत्र दिला जाणारा ‘अ‍ॅपर्चर आणखी बंद करा’ हा सल्ला एका मर्यादेपलीकडे नुकसानच करतो. मीही सुरुवातीची बरीच छायाचित्रे एफ/२२ वर (एफचा आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान) काढली होती, आणि त्यांतला सगळीकडे सारखा पसरलेला मऊपणा हा लेन्सचा दोष आहे अशी माझी खात्री झाली होती.

विषय सेन्सरवर त्याच्या खऱ्या आकाराइतकाच उमटतो त्या प्रमाणाला १:१ म्हणतात. फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिलिमीटरचा असतो, म्हणजे १:१ वर ३६ मिलिमीटर लांबीचा कीटक चौकट पूर्ण व्यापतो. या प्रमाणात एफ/८ ठेवल्यास रेखीव दिसणारा थर, म्हणजे डेप्थ ऑफ फील्ड, सुमारे १ मिलिमीटर जाडीचा असतो. प्रमाण निम्मे, म्हणजे १:२ केले तर तोच थर जवळजवळ ३ मिलिमीटर होतो, आणि प्रमाण दुप्पट, म्हणजे २:१ केले तर ०.४ मिलिमीटरपेक्षाही कमी राहतो. यातून असे दिसते की फुलपाखराला किंवा फुलाला चौकटीत थोडे लहान ठेवल्याने जितकी जाडी मिळते, तितकी अ‍ॅपर्चर एक-दोन पायऱ्या (एफ/८ वरून एफ/११ ही एक पायरी) बंद करून मिळत नाही.

दुसरी बाजू विवर्तनाची आहे. लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि विषयावरच्या प्रत्येक बिंदूची सेन्सरवर एक छोटी चकती बनते. मॅक्रोमध्ये लेन्स सेन्सरपासून लांब गेल्यामुळे छिद्र प्रत्यक्षात लहान असल्यासारखे काम करते. साधारण हिशेब असा की लेन्सवरचा आकडा ‘१ अधिक प्रमाण’ याने गुणावा. म्हणजे १:१ वर एफ/११ हे परिणामाने एफ/२२ असते आणि एफ/१६ हे एफ/३२ असते. परिणामी एफ/२२ ला ही चकती सुमारे ०.०३ मिलिमीटरची होते, आणि फुल फ्रेम छायाचित्रात रेखीव मानल्या जाणाऱ्या ठिपक्याची प्रचलित कमाल मर्यादाही तेवढीच आहे. एफ/३२ ला चकती ०.०४ मिलिमीटरच्या पुढे जाते. मग ज्या जागी फोकस अचूक आहे ती जागाही रेखीव राहत नाही, आणि थराची वाढलेली जाडी निरुपयोगी ठरते.

म्हणून फुल फ्रेम कॅमेऱ्यावर १:१ साठी एफ/८ ते एफ/११, १:२ साठी एफ/११ ते फार तर एफ/१६, आणि २:१ साठी एफ/५.६ च्या आसपास राहावे असे मी सुचवेन. लहान सेन्सर असेल तर ही मर्यादा साधारण एक पायरी आधीच येते. येथे एका गोष्टीकडे लक्ष द्यावे लागते: काही कंपन्यांचे कॅमेरे जवळच्या अंतरावर परिणामी आकडाच दाखवतात, त्यामुळे पूर्ण उघडलेली एफ/२.८ ची लेन्स १:१ ला एफ/५ च्या आसपासचा आकडा दाखवू लागते. अशा कॅमेऱ्यावर पडद्यावरचा एफ/१६ ते एफ/२२ हा वरच्या हिशेबातला एफ/८ ते एफ/११ असतो. त्याला पुन्हा गुणू नये.

मिलिमीटरभर थर योग्य जागी ठेवणे

थर जाड करण्याला मर्यादा आहे हे एकदा मान्य केले की उरलेले काम तो थर हव्या तिथे ठेवण्याचे असते. सपाट विषयाच्या बाबतीत हे सोपे आहे. पंख मिटून बसलेल्या फुलपाखराचे पंख एका पातळीत असतात. सेन्सर त्या पातळीला समांतर ठेवला तर एफ/८ वरही पंखाच्या टोकापासून डोळ्यापर्यंत सगळे स्वच्छ येते, आणि कॅमेरा काही अंशांनी तिरका झाला तरी पंखाची एक कड पुसट होते. त्यामुळे समोरून पाहण्याआधी थोडे वरून, कॅमेऱ्याची पाठ आणि पंख समांतर आहेत का हे पाहण्याची सवय लावावी. चतुराचे पसरलेले पंख आणि लांब शरीर वरून घेतले तर एका पातळीत येतात. बाजूने घेतले तर शरीर रेखीव आणि पंख पुसट, ही निवड करावीच लागते. खोलगट रानफुलात कुक्षी आणि पाकळीची कड या दोन्हींवर एकाच वेळी फोकस बहुधा बसत नाही. अशा वेळी पुंकेसर आणि कुक्षी स्वच्छ ठेवून पाकळ्या मऊ होऊ देणे मला अधिक योग्य वाटते, कारण पाहणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते. कीटकाच्या बाबतीत हे स्थान जवळच्या डोळ्याचे असते.

ऑटोफोकस १:१ च्या जवळ बहुधा मागेपुढे शोधत राहतो, आणि शोधताना विषयाचा चौकटीतला आकारही बदलतो. त्यापेक्षा फोकस रिंगने आधी प्रमाण निश्चित करावे, रिंग तिथेच ठेवावी आणि कॅमेऱ्यासह स्वतः अगदी हळू पुढे सरकून डोळा स्वच्छ होताना शटर दाबावे. माणसाचे शरीर श्वासाबरोबरही पुढेमागे डोलते, आणि एक मिलिमीटरच्या थरासाठी तेवढे डोलणे फार मोठे असते. इमेज स्टॅबिलायझेशन हे डोलणे थांबवू शकत नाही. ते मुख्यतः कॅमेऱ्याच्या कोनातली थरथर सावरते. काही मॅक्रो लेन्समधली प्रणाली आडवे-उभे सरकणेही सावरते, पण सेन्सरच्या दिशेने पुढे किंवा मागे जाणे कोणतीच प्रणाली सावरत नाही. म्हणून कोपर गुडघ्यावर किंवा जमिनीवर टेकवणे, डाव्या हाताची करंगळी त्याच फांदीला किंवा देठाला लावून त्याच तळहातावर लेन्स पेलणे, आणि ४-५ छायाचित्रांची सलग मालिका घेणे हे उपाय महागड्या साधनांपेक्षा अधिक कामाला येतात. हात देठाला टेकलेला असला की फूल आणि कॅमेरा एकत्रच हलतात, त्यामुळे दोन दोष एकदम कमी होतात. कीटक बसलेल्या देठाला मात्र अगदी खालून आणि सावकाश स्पर्श करावा.

स्थिर दिसणारा विषय स्थिर नसतो

हालचालीचा हिशेब मांडला की आश्चर्य वाटते. एखादे फूल सेकंदाला फक्त एक सेंटिमीटर या गतीने डोलत आहे असे समजू. नुसत्या डोळ्यांना ते जवळजवळ स्थिर वाटेल. प्रमाण १:१ असेल तर १/२०० सेकंदात त्याची प्रतिमा सेन्सरवर ०.०५ मिलिमीटर सरकते, आणि २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरवर हे सुमारे ८ पिक्सेल होतात. तेच शटर १/१००० सेकंद केले तर सरकणे २ पिक्सेलच्या आत येते. ‘फोकल लेंग्थइतका शटर वेग पुरे’ (म्हणजे १०० मिलिमीटर लेन्सला १/१०० सेकंद) हा नेहमीचा नियम मॅक्रोमध्ये का चालत नाही ते यावरून लक्षात येईल. फक्त नैसर्गिक प्रकाशात काम करायचे असेल तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, वाढवण्यास कचरू नये; रवाळपणा नंतर बराच कमी करता येतो, पुसट झालेली लव परत आणता येत नाही.

वाऱ्यावर सर्वांत चांगला उपाय वेळेचा आहे. सूर्योदयाच्या सुमारास जमिनीलगतची हवा बहुधा शांत असते, आणि कीटकांच्या शरीराचे तापमान भोवतालच्या हवेवर अवलंबून असल्यामुळे गार सकाळी ते सुस्त असतात. निळ्या पट्ट्यांच्या एकल मधमाश्यांचे नर रात्री वाळक्या काडीला जबड्याने पकडून झोपतात. पहाटे ते तसेच सापडले तर ट्रायपॉड लावून निवांत काम करता येते. या वेळी एक खूण ओळखायला शिकावी. अनेक पतंग, भुंगे आणि काही चतुर उडण्यापूर्वी छातीतले स्नायू थरथरवून शरीर तापवतात. बसलेला पतंग हलत तर नाही, पण पंख बारीक कापत आहेत, असे दिसले तर त्या क्षणी मंद शटरचे प्रत्येक छायाचित्र पुसट येणार, आणि थोड्याच वेळात तो उडणार हेही समजावे. दोष लेन्समध्ये शोधत बसण्यापूर्वी अशी छायाचित्रे वेगळी काढावीत.

कीटक स्थिर राहावा म्हणून त्याला थंड करणे किंवा गोंदाने चिकटवणे, आणि फूल हलू नये म्हणून ते खुडून आणणे, या गोष्टी मला मान्य नाहीत. आपण ज्याची नोंद करतो आहोत त्यालाच त्या इजा करतात, आणि थंडीने आखडलेल्या कीटकाच्या पायांची ठेवण जाणकाराला लगेच खोटी वाटते. देठ स्थिर करायचा असेल तर जमिनीत काडी रोवून मऊ चिमट्याने त्याला हलका आधार द्यावा आणि काम झाल्यावर तो काढावा. मध्ये येणारे गवत तोडण्याऐवजी बाजूला दाबून धरावे. लहान रानफुलांसाठी आडवे पडावे लागते, तेव्हा आपल्या कोपराखाली त्याच फुलाची उगवती रोपे तर नाहीत ना हे आधी पाहावे. वाटेच्या कडेचे फूल निवडले तर हा प्रश्न बराचसा सुटतो.

जवळ जाताना कीटक उडून जात असेल तर आपल्या सावलीकडे लक्ष द्यावे. एकसारखी, सावकाश हालचाल बहुतेक कीटक सहन करतात, पण अंगावर अचानक पडलेली सावली सहन करत नाहीत. लेन्सची निवडही येथे महत्त्वाची ठरते: १०० मिलिमीटर मॅक्रो लेन्सच्या पुढच्या काचेपासून कीटकापर्यंत १:१ ला साधारण १३ ते १५ सेंटिमीटर जागा राहते, ६० मिलिमीटरमध्ये ती १० सेंटिमीटरच्या आसपास असते.

फ्लॅश: सर्वांत उपयुक्त, आणि सर्वांत चुकीचा वापरला जाणारा

फ्लॅश कमी शक्तीवर असतो तेव्हा त्याची चमक फार थोडा काळ टिकते. सर्वसाधारण बाह्य फ्लॅश पूर्ण शक्तीला १/१००० सेकंदाच्या आसपास प्रकाश देतो, तर १/१६ शक्तीला साधारण १/१०००० सेकंद. कीटक इतका जवळ असतो की १/१६ किंवा त्याहून कमी शक्ती बहुधा पुरते, आणि मग शटर १/२०० सेकंद असले तरी हालचाल चमकेच्या काळापुरतीच नोंदली जाते. येथे दोन चुका वारंवार होतात. पहिली, फ्लॅश हाय स्पीड सिंकवर ठेवला जातो. त्या पद्धतीत शटर सरकत असताना फ्लॅश सतत लुकलुकत राहतो, त्यामुळे छोट्या चमकेचा फायदा नाहीसा होतो आणि शक्तीही घटते. म्हणून शटर कॅमेऱ्याच्या सिंक वेगावर (साध्या फ्लॅशसह चालणाऱ्या सर्वाधिक शटर वेगावर) किंवा त्याखाली, बहुधा १/२०० किंवा १/२५० वर ठेवावे. दुसरी, नैसर्गिक प्रकाशही जवळजवळ तितकाच नोंदला जातो आणि रेखीव कीटकाभोवती त्याचीच पुसट सावली उमटते. हे तपासण्यासाठी फ्लॅश बंद करून त्याच सेटिंगवर एक छायाचित्र घ्यावे; कीटक जवळपास काळा दिसला पाहिजे. पार्श्वभूमी पूर्ण काळी नको असेल तर मागे एखादे पान किंवा फूल राहील अशी जागा निवडावी.

उघड्या फ्लॅशचा प्रकाश मात्र कठोर असतो, आणि भुंग्याच्या गुळगुळीत पाठीवर त्याचे पांढरे डाग पडतात. त्या डागांत पोत हरवतो आणि फोकस अचूक असूनही चित्र धूसर वाटते. हा प्रश्न छायाचित्रणापेक्षाही जुना आहे. रॉबर्ट हुक यांनी १६६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूक्ष्मदर्शकी निरीक्षणांत नोंदवले आहे की माशीचा डोळा एका प्रकाशात छिद्रांच्या जाळीसारखा, उन्हात सोनेरी खिळे ठोकलेल्या पृष्ठभागासारखा, तर अन्य स्थितींत पिरॅमिड किंवा शंकू मांडल्यासारखा दिसतो. त्यांनी त्यावर उपायही केला होता: वस्तूजवळ तेल लावलेला कागद धरून त्यावर भिंगाने सूर्यप्रकाश एकवटायचा. आजचा डिफ्यूझर हेच काम करतो. त्याचा पृष्ठभाग कीटकाच्या तुलनेत मोठा हवा आणि कीटकाच्या शक्य तितका जवळ हवा. फ्लॅशच्या तोंडावर चिकटवलेल्या छोट्या पांढऱ्या टोपीने हे साधत नाही. ट्रेसिंग पेपर किंवा पांढऱ्या अर्धपारदर्शक प्लॅस्टिकचे दोन थर, मध्ये थोडी पोकळी ठेवून, लेन्सच्या टोकापर्यंत पुढे झुकवलेले असावेत. कीटकाच्या डोळ्यातल्या चमकेचा आकार पाहिला की डिफ्यूझर पुरेसा आहे की नाही ते कळते: टोकदार ठिपका असेल तर नाही, मऊ कडांचा रुंद पट्टा असेल तर आहे.

गडद लाल, गुलाबी आणि जांभळ्या रानफुलांत पाकळीचा पोत नाहीसा होण्याचे आणखी एक कारण असते आणि त्याचा फोकसशी काहीही संबंध नसतो. एकूण हिस्टोग्राम (उजेड-अंधाराची वाटणी दाखवणारा आलेख) निर्दोष दिसत असताना लाल किंवा निळ्या रंगाची वाहिनी एकटीच भरून वाहते, आणि शिरा असलेल्या जागी एकसंध रंगाचा डाग राहतो. कॅमेऱ्यात तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम चालू करावा, एक्स्पोजर अर्धी ते एक पायरी कमी करावे आणि छायाचित्र रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, घ्यावे.

फोकस स्टॅकिंग कधी करावे

वेगवेगळ्या फोकसवर घेतलेली अनेक छायाचित्रे सॉफ्टवेअरमध्ये जुळवून एक करणे हा विवर्तन टाळून जाड थर मिळवण्याचा खरा मार्ग आहे. तो शांत हवेतले फूल आणि पहाटेचा सुस्त कीटक यांच्यासाठीच वापरावा. दोन छायाचित्रांमधली सरक थराच्या जाडीपेक्षा कमी ठेवावी, म्हणजे १:१ आणि एफ/८ असताना सुमारे अर्धा मिलिमीटर. सरक जास्त झाली तर रेखीव आणि पुसट पट्ट्यांची आलटून पालटून रांग दिसते. मिशी मध्येच हलली तर जोडचित्रात तिची दोन टोके उमटतात. अशा वेळी संपूर्ण मालिका टाकून न देता त्यातले डोळ्यावर फोकस असलेले एक छायाचित्र स्वतंत्रपणे वापरावे.

लेन्सवर संशय सर्वांत शेवटी

इतके करूनही छायाचित्रे धूसर येत असतील तर प्रथम लेन्सची पुढची आणि मागची काच तिरप्या उजेडात पाहावी. थंड खोलीतून दमट हवेत बाहेर पडल्यावर काचेवर बाष्प साचते आणि ते डोळ्यांना सहज दिसत नाही. कॅमेरा पिशवीतच ठेवून अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू दिला तर हा त्रास टळतो. समोर लावलेला स्वस्त फिल्टर काढून ठेवावा. त्यानंतर घरात, वारा नसलेल्या जागी, एक सुकलेले पान सपाट पुठ्ठ्यावर लावावे, सेन्सर त्याला समांतर ठेवावा, ट्रायपॉड आणि सेल्फ टायमर वापरावा, आणि एफ/४ पासून एफ/२२ पर्यंत प्रत्येक पायरीवर एक छायाचित्र घ्यावे. मधल्या आकड्यांवर पानाच्या शिरा स्वच्छ आल्या आणि शेवटच्या दोन-तीन आकड्यांवर मऊ झाल्या, तर लेन्स ठीक असून दोष बाहेरच्या कामातला आहे, आणि वरच्या छाननीकडे परत जावे. एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्स यांमध्ये लावायची पोकळ नळी) किंवा क्लोज-अप भिंग लावल्यावर फक्त कोपरे मऊ येत असतील तर ती त्या साधनाची मर्यादा आहे. विषय मध्यभागी ठेवावा. पण सर्व आकड्यांवर चौकटीची एकच बाजू पुसट राहत असेल, आणि कॅमेरा उलटा धरून पुन्हा छायाचित्र घेतल्यावर चौकटीची तीच बाजू पुसट येत असेल, तर लेन्समधले एखादे भिंग जागेवरून सरकलेले असण्याची दाट शक्यता आहे, आणि ती दुरुस्तीलाच द्यावी लागेल.